गाडी डावीकडे बसते

१

चष्म्याच्या दुकानात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोरचं सरळ आहे की तिरकं, हे त्याला न बघताच दिसतं. गिऱ्हाईक आपली तक्रार सांगत असतं आणि माझं लक्ष त्याच्या कानांवर असतं, की डावा उजव्यापेक्षा किंचित खाली आहे, काडी वाकवावी लागणार. बायको म्हणते, "तुला घेऊन कुणाकडे जायची सोय नाही. आधी त्यांच्या भिंतीवरचे फोटो सरळ करशील आणि मग पाणी मागशील."

त्यामुळे ती जुनी जीप पहिल्यांदा अंगणात आणून उभी केली, तेव्हाच मला दिसलं. मागून डाव्या बाजूला ती बोटभर खाली होती.

जीप घेण्याचं कारण बायकोच. त्या वर्षी तिचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्यातून ती वाचली, पण वाचल्यावर जे बळ यायला हवं ते काही येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. तिची धाकटी बहीण डोंगरात राहते, तिथली हवा चांगली. पण तिच्या घरापर्यंतचा शेवटचा रस्ता म्हणजे रस्ता कसला, कोरडा ओढाच. चारही चाकांना जोर असलेली गाडीच तिथे चढते. एका लाकडाच्या ठेकेदाराकडे अशी एक गाडी बरीच वर्षं पडून होती. ती मी घेतली. गाड्या दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही, पण तरुणपणापासूनचा नाद आहे. आणि खरं सांगायचं तर दवाखान्याच्या बाकांवर नुसतं बसून बसून माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी शेडमध्ये गाडीखाली शिरायचो. बायको शाल पांघरून दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि पान्यांचा डबा मांडीवर घ्यायची.

"चौदाचा दे."

"घ्या डॉक्टर. पेशंट शुद्धीवर आहे का?"

कित्येक महिन्यांनी ती थट्टा करत होती. गाडी चालो न चालो, माझ्या कष्टांचं चीज झालं होतं.

२

आमच्या शेजाऱ्याला सगळी गल्ली सुपरवायझर म्हणते. जन्मात त्याने कुणावर देखरेख केली नाही, पण निवृत्त झाल्यापासून कुठेही खड्डा खणत असोत, रंग लागत असो, हा हात मागे बांधून हजर. कुंपणावरून त्याने जीपकडे पाहिलं.

"पाटे गेलेत," तो म्हणाला. "मागच्या चाकावरचे कमानीचे पाटे. डावीकडचा थकलाय."

मला त्याचं पटलं नाही असं नाही. पण सोपं आधी तपासावं, म्हणून टायरांची हवा बघितली. सारखी होती. मग वाटलं, शेडची फरशीच उतरती असेल. गाडी बाहेर काढली आणि तोंड फिरवून उलटी आत घेतली. फरशीचा दोष असता तर आता उजवी बाजू खाली जायला हवी होती. ती गेली नाही. डावीच खाली राहिली. म्हणजे फरशी निर्दोष सुटली.

जॅक लावला. उजवी बाजू मुकाट्याने वर आली. डावीकडे मात्र दांड्यावर अंगाचा भार टाकावा लागला. चाकं काढली, गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली, गंजलेले नट रॉकेल पाजून पाजून सोडवले आणि दोन्ही पाटे काढून फरशीवर शेजारी शेजारी ठेवले.

दोन्हींची कमान तंतोतंत सारखी होती. बायकोसुद्धा खुर्चीवरून वाकून म्हणाली, "जुळे दिसतायत."

तरी मी त्यांची अदलाबदल केली. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. पाटा थकला असेल तर आता गाडी उजवीकडे कलेल. चाकं चढवली, घोडे काढले, जॅक हळूहळू सोडला. गाडी चारही चाकांवर आली आणि सरळ उभी राहिली.

"बघ," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

आणि मग तिचा मागचा डावा कोपरा खाली गेला. धपकन नाही. सावकाश. परक्या घरी आपण खुर्चीवर बसतो ना, आधी अंदाज घेतो, मग अंग सोडतो, तसा.

पाट्यातली लोखंडी पानं एकमेकांवर घासून एकदाच करकरली आणि शेडमध्ये सगळं शांत झालं.

"नवीन जागी बसायला वेळ लागतो सगळ्यांनाच," बायको म्हणाली. ती डब्यातले पाने लहान-मोठे लावत होती, तिने वर बघितलंही नव्हतं. मी हसलो. बोलण्यासारखं ते काहीच नव्हतं.

३

गावाबाहेर एक पाटेवाला आहे. ट्रकांचे पाटे तापवून, ठोकून, नीट करून देतो. त्याला दाखवलं. त्याने गाडीखाली डोकं घातलं, हातोडीने इथे तिथे वाजवलं आणि बाहेर येऊन हात झटकले.

"पाट्यांना काही झालेलं नाही, साहेब. गाडीचं वय झालंय. म्हातारपणी एक कूस जवळची वाटते."

"पण उपाय काय?"

"डावीकडे एक पान जादा घालतो. मोकळी गाडी त्या बाजूने थोडी उचललेली दिसेल, पण वजन पडलं की बरोबर येईल."

जादा पान घातलं. गाडी घरी आणून उभी केली तर काय, दोन्ही बाजू सारख्या! माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. कित्येक दिवस छळणारा फोटो एकदाचा भिंतीवर सरळ झाला होता. संध्याकाळी चहा पिताना मला आठवलं, की पाटेवाल्याने काय सांगितलं होतं. मोकळी गाडी उचललेली दिसेल, वजन पडलं की सरळ येईल. आणि गाडी तर मोकळीच होती.

अंदाज चुकला असेल त्याचा, असं म्हणून मी कप विसळायला उठलो.

पुढच्या आठवड्यात बायकोला ताप आला. ती अंथरुणातून उठली नाही, शेडकडे फिरकलीसुद्धा नाही. मी एकदा दुकानात जाता जाता सहज आत डोकावलो. गाडीचा डावा मागचा कोपरा दोन बोटं वर होता, अगदी पाटेवाला म्हणाला होता तसा. ताप उतरला, ती परत खुर्ची टाकून बसायला लागली, आणि गाडी परत सरळ झाली.

लोखंड उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं. जादा पान नवीन आहे, मुरायला वेळ घेईल. अशी कारणं मला भराभर सुचत होती. कारणं सुचणं हा काही वाईट गुण नाही. मी फक्त एक गोष्ट केली. गाडीच्या आत, मागच्या बाकाखाली हात घालून बघितलं, काही जड वस्तू सरकत तर नाही ना. थोडी माती होती आणि लाकडाचा भुसा. बाकाचं रेक्झिन मात्र डावीकडे कोमट लागलं. शेडला पश्चिमेची खिडकी आहे, तिथून ऊन येतं. पण सकाळची वेळ होती.

४

डोंगरात जाण्याआधी गाडीचं खरं वजन कळावं, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मलाच जाणून घ्यायचं होतं. भंगाराच्या गोदामाजवळ ट्रक तोलायचा वजनकाटा आहे, तिथे आम्ही दोघं गेलो. रस्ता साधाच होता. वळणावर गाडी कलली की मागून करकर यायची. पानांमध्ये मी स्वतः ग्रीस भरलं होतं, त्यामुळे आवाज मऊ झाला होता. एका सिग्नलला आम्ही थांबलेलो असतानाही तो आला. कुणीतरी मांडी बदलावी तसा.

काट्यावर गाडी उभी करून आम्ही उतरलो आणि बाजूला जाऊन थांबलो. काटेवाला काचेच्या खोलीत आकड्यांसमोर बसला होता. त्याने दोनदा यंत्रावर टिचकी मारली. मग त्याने खिडकी सरकवली.

"आतल्यांना पण उतरवा."

"सगळे उतरलेत," मी म्हणालो.

"मग आकडा थांबत का नाही?" त्याने आम्हाला हाताने बोलावलं. खोलीत जाऊन बघितलं तर लाल आकडा एकसारखा वर-खाली होत होता. थोडा वाढायचा, थोडा उतरायचा, परत वाढायचा. "गाडीत जनावर असलं की असं होतं. ते श्वास घेतं, पाय हलवतं, काटा स्थिर होत नाही. म्हैसबिस नाही ना आणली मागे?"

तो हसत हसत बाहेर गेला. त्याने जीपच्या मागे लटकणारं कापड उचलून आत बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, ते मलाही इथून दिसत होतं. तरी तो जरा जास्तच वेळ उभा राहिला. मग त्याने कापड खाली सोडलं, अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये तसं. परत आला तेव्हा तो हसत नव्हता.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला. "तुम्ही निघा."

आमच्यामागे पत्र्याने भरलेला एक ट्रक थांबला होता. फाटकाबाहेर पडताना मी आरशात बघितलं. ट्रक काट्यावर चढला, ड्रायव्हर उतरला, आणि काटेवाल्याने लगेच त्याला चिठ्ठी फाडून दिली.

"बिचाऱ्याचा काटा," बायको म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

५

दुकानात गर्दी नव्हती तेव्हा मी त्या ठेकेदाराला फोन लावला. मोकळा माणूस होता. आधी माझ्या बायकोच्या तब्येतीची चौकशी केली.

"गाडी त्रास तर देत नाही ना?"

"इंजिन उत्तम आहे. फक्त मागून डावीकडे बसते. पाटे तपासले, काही सापडलं नाही."

"हां," तो म्हणाला. "आम्हीही बदलले होते पाटे. काही उपयोग झाला नाही. आमच्याकडेही मागेच बसायचं."

मी पेन्सिल खाली ठेवली. गाडी बसायची, असं म्हणतात. हा 'बसायचं' म्हणाला होता. खेड्यापाड्यांत फिरणारा माणूस, बोलण्यात होतं इकडचं तिकडे, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो तोवर त्यानेच विचारलं, "तुम्ही एकटेच चालवता ना?"

"नाही. बायको असते बरोबर. पुढे बसते, शेजारी."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्याने घसा साफ केला.

"मी एकटाच असायचो हो. मुकादमसुद्धा ट्रकमधून यायचे. एकटाच असल्यामुळे मला काही..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. "वहिनींना जपा. आजारातून उठलेलं माणूस हळवं असतं."

"म्हणजे नेमकं काय?"

"नेमकं काही नाही. गाडी चांगली आहे. चांगली होती."

त्यानंतर मी दोनदा फोन लावला, पण त्याने उचलला नाही.

६

दुपारी मी सहसा घरी येत नाही. त्या दिवशी एक भिंग घरी विसरलं होतं म्हणून आलो. घराचं दार उघडं, बायको घरात नाही. शेडचं दार लोटलेलं होतं.

ती जीपमध्ये, पुढच्या डाव्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मांडीवर उघडं पुस्तक पालथं ठेवलेलं. चेहरा इतका निवांत, की ऑपरेशननंतर मी तो तसा पाहिला नव्हता.

"अगं, इथे काय करतेस?"

"रोज येते मी इथे दुपारची." तिने डोळे उघडले. "घरात जीव रमत नाही रे. तू दुकानात. भिंती खायला उठतात. इथे बरं वाटतं."

"शेडमध्ये?"

"इथे एकटं वाटत नाही," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, आज हवा चांगली आहे म्हणावं तसं.

माझी नजर सवयीप्रमाणे गाडीवरून फिरली. मागचा डावा कोपरा आज उचललेला होता, मोकळ्या गाडीचा असावा तसा. खाली होता तो पुढचा डावा. साहजिकच होतं, तिथे ती बसली होती. पण किती खाली! ती आता चिमणीएवढी उरली होती. तिच्या वजनाने जीप एवढी दबावी?

"चल, चहा करतो," मी म्हणालो आणि हात दिला. ती उतरली.

माणूस उतरलं की गाडी वर येते. पाव बोट का होईना, येतेच. मी बायकोचा हात धरून तिथे उभा राहिलो आणि चाकावरच्या पत्र्याकडे बघत राहिलो. गाडी वर आली नाही. सीटचं रेक्झिन दबलेलं होतं ते तसंच राहिलं, आणि त्यावरच्या सुरकुत्या एकीकडून दुसरीकडे हळूच सरकल्या.

"काय बघतोस?"

"काही नाही. टायरात हवा कमी वाटते."

"तू आणि तुझी हवा," ती म्हणाली आणि हसली. घराकडे चालताना तिने एकदा मागे वळून शेडकडे बघितलं. कुणी येतंय का बघावं, इतपतच.

७

मी गाडी काढून टाकायची ठरवली. बायकोला सांगितलं, चॅसी गंजली आहे, डोंगराच्या वाटेवर भरवसा नाही. बहिणीकडे जायला भाड्याची गाडी बघू, शेवटच्या टप्प्याला ती तिच्या गावातला ट्रॅक्टर पाठवेल. बायको भांडेल असं वाटलं होतं. तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि माझ्या शर्टाचं निसटलेलं बटण बघायला लागली.

खरेदीला एक भंगारवाला आला. तो गाड्या उघडून सुटे भाग विकतो. मला तेच हवं होतं. गाडी अशी अख्खी कुणाच्या घरी जायला नको होती. सुट्टीचा दिवस होता, जेवणं नुकतीच उरकली होती. बायको म्हणाली, मी पडते जरा, तू उरक तुझं. ती आतल्या खोलीत गेली.

सुपरवायझर कुंपणाशी होताच. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पाटे गेलेत," तो म्हणाला. भंगारवाल्याने किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात बोललं. मला उगाच भरून आलं. त्या गाडीचा एकेक नट माझ्या हाताखालून गेला होता.

जीप फाटकातून बाहेर पडली आणि गल्लीने निघाली. मी मागून बघत होतो. ती कलली नव्हती. उलट डावा मागचा कोपरा चांगला दोन बोटं वर होता, पाटेवाल्याने सांगितल्याप्रमाणे. खड्ड्यात चाक गेलं तरी करकर आली नाही. रिकामी पेटी उचलावी तशी ती टुणटुण उडत गेली.

"बघा, हलकी झाली की गाडी," सुपरवायझर म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

मग मी वळून घराकडे बघितलं. दार मी ओढून घेतलं होतं. आता ते अर्धं उघडं होतं. वारा असेल.

शेडच्या नळावर मी हात धुतले. ग्रीस लवकर निघत नाही, पण त्या दिवशी मी जरा जास्तच चोळले असावेत. आत गेलो. घरात दुपारची शांतता होती, फ्रिज तेवढा घुरघुरत होता. आतल्या खोलीच्या दारात मी ओले हात तसेच धरून उभा राहिलो.

बायको पलंगाच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून झोपली होती. पांघरूण कमरेपर्यंत. श्वास संथ. सगळं ठीक होतं. मी टॉवेल घ्यायला वळणार, इतक्यात पलंग करकरला.

पलीकडची गादी खाली गेली. सावकाश, आधी अंदाज घेत. चादर त्या बाजूला ताणली गेली, उशीजवळची घडी सरळ झाली, आणि शेजारी कुणी बसल्यावर झोपलेलं माणूस जसं आपोआप तिकडे घरंगळतं, तशी माझी बायको थोडीशी खिडकीकडे घरंगळली. तिने डोळे उघडले नसावेत. तिचा हात पांघरुणातून निघाला आणि पुढे, मला दिसत नव्हतं तिथे, जाऊन टेकला.

"आलास?" ती म्हणाली.

मला ओरडता आलं असतं. तिला खसकन ओढून बाहेर नेता आलं असतं. पण तो आवाज इतका सुखाचा होता, आणि ती इतकी अशक्त होती, की दचकून तिचं काही बरंवाईट होईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"हो," मी दारातून म्हणालो. "आलो."

आवाज तिच्या पाठीमागून आला होता. ती क्षणभर निश्चल झाली. वळली नाही. हातही तिने मागे घेतला नाही.

"मग बस ना," ती हळूच म्हणाली. "उभा का?"

मी गेलो आणि अलीकडच्या कडेला बसलो. पलंग सरळ झाला.